ताडून पाहायचे कोणी?

‘‘सर, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच ना?’’

अकरावीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत माझ्यापुढे मोबाइल धरून हे विचारले, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. प्रश्न विद्युतभाराचा नव्हता. मोबाइलवर त्याच्या वडिलांच्या तपासणीचा अहवाल होता. थेरगावात राहणाऱ्या कुणालाच असले अहवाल नवे नाहीत. ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पत्रके वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येऊन पडतात, सोसायटीच्या फाटकाला अडकवलेली असतात, डांगे चौकात हातात कोंबली जातात. फोन केला की दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीला पिशवी लावलेला एक मुलगा दुचाकीवरून येतो, बाटल्या घेऊन जातो, आणि संध्याकाळपर्यंत सत्तर-ऐंशी ओळींचा अहवाल फोनवर हजर. त्या अहवालाच्या शेवटी शेवटी एक ओळ होती: मलातील दडलेले रक्त, पॉझिटिव्ह. तळाशी अगदी बारीक टायपात, इंग्रजीत, नेहमीचे वाक्य होते की निष्कर्ष रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावेत.

मुलाचे वडील भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये तीन पाळ्यांत काम करतात. ‘‘पप्पांना मूळव्याध आहे. संडासला रक्त पडतंच त्यांना. त्याचंच असणार, असं मम्मी म्हणते,’’ मुलगा म्हणाला. मी म्हणालो, ‘‘असेल, पण एकदा डॉक्टरांना दाखवा.’’ आज आठवले की वाटते, त्या वाक्यातला ‘असेल’ तेवढा घरी पोचला. सुरणाची भाजी आणि ताक वाढले, अहवाल फोनमध्ये राहिला. नऊ महिन्यांनी त्यांना गुदाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली. पोटावर पिशवी बसवली आहे, ते हलक्या कामावर परत गेले आहेत.

ही हकीगत सांगून कुणाला घाबरवायचे नाही. मला त्या पत्रकाचे परीक्षण करायचे आहे. पुस्तकांची परीक्षणे येतात, नाटकांची येतात. पण आपल्या घराघरांत जे विज्ञानलेखन खरोखर वाचले जाते ते औषधाच्या वेष्टनावरचे आणि या पत्रकांवरचे. त्याचे परीक्षण कोणी करत नाही. मुलाच्या घरून मी ते पत्रक मागून आणले. गुळगुळीत कागद, हसणारे आजी-आजोबा, किंमत खोडून दुसरी किंमत. मलाच्या चाचणीबद्दल त्यात चार गोष्टी सांगितल्या होत्या: या चाचणीने आतड्याच्या कर्करोगाचे लवकर निदान होते, सुई नाही, दुर्बीण नाही, सगळे घरबसल्या, परदेशात या चाचणीमुळे मृत्यू एक तृतीयांशाने घटले आहेत, आणि म्हणून तिशीनंतर प्रत्येकाने ती दरवर्षी करावी.

यातले साफ खोटे असे फार थोडे आहे. म्हणूनच ते तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी जे खरे आहे ते. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा एकाएकी उगवत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी कोंबासारखी लहान गाठ येते, तिला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवीच राहतात. काही थोडे वाढत जातात, त्यांच्या पेशींच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साठत जातात, आणि साधारण दहा वर्षांच्या वाटचालीनंतर त्यातल्या एखाद्याचा कर्करोग होतो. दहा वर्षे म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीने मोठी सवलत. या काळात गाठ सापडली तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येते आणि पुढचा कर्करोग टळतो. आणि वाढलेल्या गाठीला, पुढे सरकणारा मल घासून गेला की, अधूनमधून थोडे रक्त येते. डोळ्यांना दिसणार नाही इतके थोडे. ते पकडता आले तर गाठीचा सुगावा लागेल, ही कल्पना सरळ आहे आणि सुंदरही आहे.

ते पकडण्याची जुनी रीत आपल्या रसायनाच्या तासाला शोभेल अशी आहे. ग्वायाकम नावाच्या अमेरिकन झाडाचा राळेसारखा चीक असतो. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातले तर काही होत नाही. पण तिथे रक्ताचा अंश असेल तर रक्तातल्या हिमोग्लोबिनचा ‘हीम’ हा लोहयुक्त भाग मध्यस्थाचे काम करतो, चिकातल्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होते आणि निळा रंग उमटतो. फान डेन या डच वैद्याने १८६४ साली रक्त ओळखण्यासाठी हा गुण वापरला. विसाव्या शतकात त्याचा चीक लावलेला कागद आला. घरी त्यावर मलाचा ठिपका लावायचा, कागद प्रयोगशाळेत पाठवायचा, तिथे वरून पेरॉक्साइडचा थेंब.

पण हा निळा रंग भोळा आहे. हीम माणसाचे की बोकडाचे हे त्याला कळत नाही, म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत मटण खाल्ले असेल तर फसगत होऊ शकते. इतकेच कशाला, कच्च्या मुळ्यात आणि सलगममध्ये पेरॉक्सिडेज नावाची विकरे असतात. तीही हेच मध्यस्थाचे काम करतात. म्हणजे मुळ्याची कोशिंबीरही कागद निळा करू शकते. उलट क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेतल्या असतील तर ऑक्सिडीकरणच अडते आणि रक्त असूनही रंग उमटत नाही. (वर्गात मुळ्याच्या किसावर पेरॉक्साइड घालून पाहा. फसफसून फेस येतो. तो फेस कॅटलेज या विकरामुळे, निळा रंग पेरॉक्सिडेजमुळे. पण दोघे भावंडेच. निळ्या रंगाच्या कागदाशिवायही मुद्दा मुलांना पटतो.) हा भोळेपणा आपल्याकडे अधिक नडतो, कारण आपल्याकडे आतड्यातून थोडे थोडे रक्त जाण्याची कारणे पुष्कळ: आकडीजंत, आमांश, अल्सर, सांधेदुखीच्या गोळ्या, मूळव्याध.

नवी रीत वेगळ्या तत्त्वावर चालते. तिला संक्षेपाने ‘फिट’ म्हणतात. तिच्यात हीम शोधत नाहीत, तर हिमोग्लोबिनचा ‘ग्लोबिन’ हा प्रथिनाचा भाग शोधतात, आणि शोधण्यासाठी फक्त मानवी ग्लोबिनलाच चिकटणारी प्रतिद्रव्ये वापरतात. मटणाचे आणि मुळ्याचे पथ्य संपले. आणखी एक फायदा असा की, जठरातून किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून आलेल्या रक्तातले ग्लोबिन वाटेत पचून जाते. त्यामुळे फिटला जे सापडते ते बहुतेक मोठ्या आतड्यातलेच रक्त असते. शिवाय रंग उमटला की नाही एवढेच न सांगता यंत्र आकडा देते: एक ग्रॅम मलामागे इतके मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन.

आता पत्रक आणि अहवाल पुन्हा हातात घ्या. चाचणी यांपैकी कोणती, हे दोन्हींत कुठेही लिहिलेले नाही. पथ्याचा उल्लेख नाही. आकडा नाही. ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द. दहावीच्या प्रयोगवहीत कुणी ‘निरीक्षण: रंग आला’ एवढेच लिहून दिले तर आपण वही परत करतो.

प्रथिनाचे गणित हवेवरही अवलंबून असते. ग्लोबिन उष्णतेने खराब होते. इटलीत फ्लॉरेन्स भागातल्या तपासणी कार्यक्रमाच्या नोंदी २०१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत उन्हाळ्यात चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता हिवाळ्याच्या तुलनेत १७ टक्क्यांनी कमी आढळली. लोकांची आतडी उन्हाळ्यात सुधारत नाहीत. नमुना वाटेत तापतो. त्यानंतर नमुना ज्या द्रावात ठेवतात त्यात सुधारणा झाल्या आहेत, हे खरे. पण मे महिन्यात थेरगावातून निघालेली नळी काळ्या पिशवीत, दुचाकीच्या पाठीवर, आणखी पाच-सहा घरे फिरून प्रयोगशाळेत पोचते. फ्लॉरेन्सच्या उन्हाळ्याला आपण काय उन्हाळा म्हणणार!

तिसरा दावा, एक तृतीयांश मृत्यू घटल्याचा. हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९७५ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. ५० ते ८० वयाचे ४६,५५१ लोक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले: एकाची दरवर्षी चाचणी, दुसऱ्याची वर्षाआड, तिसऱ्याची नाही. निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. तेरा वर्षांत, चाचणी न केलेल्या गटात या कर्करोगाने हजारी ८.८३ माणसे गेली. दरवर्षी चाचणी केलेल्या गटात हजारी ५.८८. घट ३३ टक्के. पत्रकातला एक तृतीयांश तो हाच.

पण तेच आकडे दुसऱ्या रीतीने मांडून पाहा. हजार माणसांना दरवर्षीच्या चाचणीच्या गटात घालून तेरा वर्षे पाहायचे. त्यातून तीन माणसे या कर्करोगाच्या मृत्यूपासून वाचली. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिल्यात छेद लपलेला आहे, दुसऱ्यात तो समोर आहे. तीन माणसे वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या घरातले माणूस वाचले त्या घराला विचारा. परंतु पहिले विधान वाचणाऱ्याला वाटते की, चाचणी केली की आपला मृत्यू एक तृतीयांश दूर गेला. शेकडेवारी शिकवताना ‘कशाचे शेकडा?’ हा प्रश्न आपण मुलांच्या मागे लागून विचारतो. तो इथे लागू पडतो.

मिनेसोटाच्या कथेत आणखी एक बारकावा आहे, जो पत्रकांत कधी येत नाही. तिथे बहुतेक कागद तपासण्यापूर्वी पाण्याच्या थेंबाने पुन्हा ओले करत. त्यामुळे कर्करोग जास्त सापडत, पण पॉझिटिव्ह येणारे कागदही शेकडा २.४ वरून ९.८ वर गेले. चाळणीची भोके बदलली, एवढेच. आणि पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची पुढची तपासणी त्या प्रयोगातच ठरलेली होती. मृत्यू घटले ते कागद निळा झाल्यामुळे नव्हे, तर निळा कागद आलेल्या माणसाचे आतडे कुणीतरी दुर्बिणीने पाहिले आणि सापडलेली गाठ काढली म्हणून.

चाळणी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पत्रकातला ‘निदान’ हा शब्द चुकीचा आहे, आणि माझी मुख्य तक्रार त्याच्याबद्दल आहे. चाळणीने निदान होत नाही. चाळणीने ढीग दोन भागांत विभागला जातो: पुढे पाहण्यासारखे आणि तूर्त बाजूला ठेवण्यासारखे. दोन्ही ढिगांत चुकीचे दाणे असतात. किती असतात हे चाळणीवर अवलंबून असते, तसेच मुळात धान्यात खडे किती होते यावरही असते. हा दुसरा भाग वर्गात समजावायला अवघड वाटतो, पण टक्के सोडून माणसे मोजली की सोपा होतो.

अमेरिकेतल्या एका अभ्यासात (२०१४) ९,९८९ माणसांची फिट चाचणी झाली आणि चाचणीचे उत्तर काहीही असो, सगळ्यांची दुर्बिणीने तपासणीही झाली. त्यामुळे खरे उत्तर माहीत होते. कर्करोग होता ६५ जणांना. फिटने त्यांतले ४८ पकडले, १७ सुटले. एकंदर पॉझिटिव्ह सुमारे ७००. म्हणजे साधारण पंधरा पॉझिटिव्हमागे एक कर्करोग. आणखी १८० जणांत काढून टाकण्याजोग्या वाढलेल्या गाठी सापडल्या, हाही लाभच. उरलेल्या पावणेपाचशेंत विशेष काही नव्हते. त्याच अभ्यासात मलातल्या डीएनएमधले बिघाड शोधणारी नवी, बरीच महाग चाचणी पारखली गेली. तिने ६५ पैकी ६० कर्करोग पकडले, पण पॉझिटिव्ह आले सोळाशेंहून अधिक. बारीक चाळणीत जास्त खडे सापडतात आणि दाणेही जास्त अडकतात.

आता थेरगावात या. भारतात या कर्करोगाचे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी आहे. वयाचा फरक जमेस धरून वर्षाला दर लाखी नवे रुग्ण आपल्याकडे एक आकडी आहेत. डेन्मार्क-नॉर्वेसारख्या देशांत याच्या पाच-सहा पटींहून अधिक. समजा, दहा हजार धडधाकट माणसांत अमेरिकेतल्या ६५ च्या जागी आपल्याकडे दहाच जणांना कर्करोग असेल. (हा दहाचा आकडा मोजलेला नाही, हिशेबासाठी धरलेला आहे, तुम्ही वेगळा धरून पाहा.) चाळणी तीच ठेवली तर दहातले सात सापडतील. निरोगी माणसांत शेकडा पाच या दराने चुकून पॉझिटिव्ह येणारे मात्र जवळजवळ तेवढेच राहतील, पाचशे. पंधरात एक होता, तो आता सत्तरात एक झाला. चाचणी बिघडलेली नाही. धान्यात खडे कमी आहेत.

आणि पत्रक तर तिशीपासून बोलावते आहे. तिशीत हे प्रमाण आणखी खाली जाते, सत्तरात एकाचा किती शेकड्यांत एक होईल तो हिशेब मुलांना करू द्या. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला पुढे पोट साफ करायचे औषध, एक दिवसाची रजा, काही हजारांचा खर्च, दुर्बीण, आणि तोवरच्या रात्री. ‘दुर्बीण नाही’ हे पत्रकातले आश्वासन फक्त निगेटिव्ह येणाऱ्यांसाठी खरे आहे, हे त्यात सांगायचे राहून गेले.

चाळणीची भोके किती मोठी ठेवायची हे निसर्ग ठरवत नाही, माणसे ठरवतात. नेदरलँड्सने २०१४ साली देशभर फिट तपासणी सुरू केली तेव्हा रेषा १५ मायक्रोग्रॅमवर आखली होती. पॉझिटिव्ह इतके आले की दुर्बिणीच्या रांगा पेलेनात. त्याच वर्षाच्या मध्यावर रेषा ४७ वर नेली. इंग्लंडने २०१९ साली फिट सुरू केली ती १२० वर, स्कॉटलंडने त्याआधी ८० वर. म्हणजे ५० मायक्रोग्रॅमचा एकच नमुना त्या काळात एका देशात पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या देशात निगेटिव्ह! यात फसवणूक नाही. आपल्याकडे दुर्बिणी किती, डॉक्टर किती, हे पाहून त्या सरकारांनी उघडपणे रेषा आखली. आपल्या पत्रकाच्या मागे रेषा कुठे आहे, ती कोणी आखली, आणि पलीकडे कोण उभे आहे?

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग ही चाचणी आपल्याकडे टाकाऊच म्हणायची. मला तसे वाटत नाही. ती चुकीच्या दाराशी उभी आहे, असे वाटते.

मुंबईच्या परळमधल्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या कर्करोगाच्या ८०० रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली. रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ होते. (यावरून ‘आपल्याकडे हा तरुणांचा रोग आहे’ असे लगेच म्हणू नये. आपला देशच तरुण आहे. जिथे म्हातारी माणसे कमी, तिथे कुठल्याही रोगाच्या रुग्णांचे सरासरी वय खाली येते. हाही छेद विसरण्याचाच प्रकार.) दहातल्या चारांहून अधिक जणांची गाठ गुदाशयात होती. आणि निम्म्याहून अधिक जणांना मलावाटे रक्त जात होते. दडलेले नव्हे, दिसणारे. तरीही बरेच जण आजार पुढे सरकल्यावरच आले.

म्हणजे आपल्याकडे मोठा घोटाळा लक्षणे नसलेल्यांत नाही. तो रक्त दिसते आहे आणि त्याला मूळव्याध हे नाव देऊन झाले आहे अशांच्यात आहे. थेरगावपासून चिंचवडपर्यंत रस्त्याने जाताना ‘विनाऑपरेशन मूळव्याध’चे फलक मोजा. मूळव्याध खरोखरच पुष्कळांना असते, त्यामुळे बहुतेक वेळा हा अंदाज बरोबरही येतो. पण मूळव्याध असल्याने कर्करोग होत नाही असे थोडेच आहे! गुदाशयातली बरीचशी गाठ डॉक्टरांच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागते. तिथे यंत्र लागत नाही, पत्रक लागत नाही. लागतो तो संकोच सोडण्याचा एक मिनिट, डॉक्टरांचा आणि रुग्णाचाही.

अशा माणसांच्यात फिटचे गणित कसे बदलते पाहा. इंग्लंडमध्ये पोटाच्या, शौचाच्या तक्रारींमुळे तातडीने रुग्णालयात पाठवलेल्या ९,८२२ जणांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हजारात ३३ जणांना कर्करोग होता. रेषा १० मायक्रोग्रॅमवर ठेवली तेव्हा त्या ३३ पैकी ३० सापडले, आणि कर्करोग नसलेल्यांपैकी सुमारे १६० पॉझिटिव्ह आले. सहात एक. नळी तीच, प्रतिद्रव्ये तीच. धडधाकट माणसांत सत्तरात एक आणि तक्रार असलेल्यांत सहात एक. म्हणूनच तिथे आता घराजवळचा डॉक्टर ही चाचणी मागवतो आणि दुर्बिणीच्या रांगेत कुणाला पुढे घ्यायचे हे ठरवायला वापरतो. चाचणी निगेटिव्ह आली तरी तक्रार चालू राहिली तर तो माणूस पुन्हा त्याच डॉक्टरकडे येतो. ताडून पाहणारे कुणीतरी आहे.

आपल्या मुलाच्या वडिलांकडे वळू. त्यांना रक्त दिसत होते. दिसणाऱ्या रक्ताच्या माणसाचे दडलेले रक्त शोधून पत्रकाने काय मिळवले? जे त्यांना रोज सकाळी कळत होते तेच संध्याकाळी फोनवर आले, आणि आधी ठरलेल्या उत्तराशी जुळले म्हणून बाजूला ठेवले गेले. ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ हे तळाचे वाक्य डॉक्टरांसाठी लिहिलेले असते. पूर्वी अहवाल डॉक्टरांच्या हातात जात असे तेव्हा ते योग्यच होते. आता अहवाल थेट घरी येतो आणि वाक्य मात्र तसेच राहिले आहे. त्या घरात इंग्रजी येणारा सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याने ते आपल्या परीने आईबरोबर ताडून पाहिले. मग विज्ञानाच्या सरांना विचारले. सरांनी ‘असेल’ म्हटले.

चाचणीला समाजात वावरण्याचा हक्क कसा मिळतो, याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमधून दीड लाखांवर स्त्रियांचा प्रयोग सुरू केला. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना काही आठवड्यांचे शिक्षण देऊन त्यांच्याकडून गर्भाशयमुखाची तपासणी करवली: व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचे. स्तनांची तपासणी हाताने. शेजारच्या वस्त्या तुलनेसाठी. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली निष्कर्ष दिले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनांच्या तपासणीचे उत्तर यायला वीस वर्षे लागली. डॉ. इंद्रनील मित्रा यांनी २०२१ साली ते प्रसिद्ध केले तेव्हा त्यात ठळकपणे लिहिले होते की, सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरल्या तर मृत्यूंतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरत नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के आहे. वीस वर्षे खपून ‘सर्वांना नाही, यांना’ असे सांगणे, हे विज्ञान. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची चाळणी आहे, आतड्याची नाही. पत्रकवाल्यांना हा सरकारचा आळस वाटत असेल. वरचा हिशेब पाहिला तर तो आळस दिसत नाही.

ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा कर्करोग झाला आहे, त्यांचा हिशेब निराळा. त्यांनी पत्रकाची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे, आणि अनेकदा त्यांना सरळ दुर्बीणच सुचवली जाते. पन्नाशीपुढच्या, सगळे समजून-उमजून आणि पुढच्या खर्चाची तयारी ठेवून चाचणी करणाऱ्यालाही मी अडवणार नाही. पण मला पत्रक लिहायला दिले तर किमतीच्या वर एक ओळ घालेन: संडासवाटे रक्त दिसते का, महिनाभरात सवय बदलली आहे का, वजन उतरले आहे का, कारण नसताना रक्त कमी भरले आहे का? यातले काही असेल तर हे पॅकेज तुमच्यासाठी नाही. महापालिकेच्या थेरगाव रुग्णालयात जा किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि ‘मूळव्याध असेल’ हे वाक्य त्यांच्या तोंडून, तपासल्यानंतर ऐका.

गेल्या वर्षी हे पत्रक मी अकरावीच्या वर्गाला न पाहिलेला उतारा म्हणून दिले. वहीच्या चौकटीच्या कागदावर शंभर गुणिले शंभर चौकोन पाडून दहा चौकोन लाल आणि पाचशे पिवळे रंगवले. रंगवायला दोन तास गेले. लाल चौकोन शोधायलाही बराच वेळ लागला. प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा एका मुलीने पत्रकात फोन नंबर तीन ठिकाणी छापल्याचे दाखवले आणि विचारले, ‘‘सर, पॉझिटिव्ह आल्यावर याच नंबरावर विचारायचं का?’’ मधल्या सुट्टीत आम्ही फोन लावला. पलीकडून एक मुलगी फार अदबीने बोलली. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर तीन महिन्यांत पुन्हा तपासणी केल्यास वीस टक्के सवलत आहे, असे तिने सांगितले, आणि पत्ता थेरगावचाच का, ते विचारले.